पथारीवरची विहीर

मिरचीचा भर आला त्याच आठवड्यात ठकुबाई हिवतापाने आडवी झाली, आणि चुनीलालशेठच्या पथारीवर बायांना पाणी वाढायला कोणी उरलं नाही.

पथारी नंदुरबारच्या वेशीबाहेर होती. चोपून सपाट केलेलं मोठं मैदान, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. कार्तिक लागला की तिथे शहाद्याकडच्या, तळोद्याकडच्या गाड्या रिकाम्या व्हायच्या. ओली लाल मिरची जमिनीवर ओतायची, पायाने पसरायची, उन्हात उलटीपालटी करायची आणि कडकडीत वाळली की देठ खुडून, रंग उडून पांढरी पडलेली फटकी वेगळी काढून गोण्यांत दाबायची. या कामाला सातपुड्यातून भिल्लांची बिऱ्हाडं उतरत. कुंपणालगत चटयांची खोपटं उभी राहत आणि होळीपर्यंत बाया नाकाला पदर बांधून मिरचीत वाकलेल्या असत. दुपार झाली की घशात निखारा ठेवल्यासारखं होई. डोळ्यांतून पाणी वाही. पाणी प्यायलं की थोडा वेळ बरं वाटे, मग पुन्हा तेच.

विहीर पथारीच्या कोपऱ्यातच होती. पण तिचा दोर डोंगरातल्या बायांनी धरायचा नाही, अशी चुनीलालच्या आईची, रेवाबाईची शिस्त. गावातल्या माळ्याची विधवा ठकुबाई पाणी काढायची, हंड्यात भरायची आणि तांब्याने वरून धार सोडायची. बाया ओंजळ धरून, मान वाकवून प्यायच्या. चुनीलालच्या वडिलांच्या वेळेपासून हेच चाललेलं. चुनीलालच्या बायकोच्या, जसोदाबाईच्या नजरेला ते इतकं सवयीचं झालं होतं की ती ते बघतच नव्हती.

आता ठकुबाई घरी गोधडीत कुडकुडत होती. गावात दुसरी बाई मिळेना. ज्याच्या त्याच्या शेतात कापूस फुटलेला. रेवाबाईचे हात थकलेले, तिच्याने बादली ओढवत नव्हती. बाया मग पाण्यासाठी नाल्यावर जाऊ लागल्या. नाला लांब, पाणी गढूळ. परत यायला उशीर झाला की मुकादम उदेसिंग अर्ध्या दिवसाचा खाडा लावी. त्याचंही चुकत नव्हतं, असं त्याला वाटे. काम बुडालं म्हणजे खाडा, एवढंच त्याला माहीत.

तिसऱ्या दिवशी बायांमधली जाणती रूपलीबाई जसोदाबाईसमोर येऊन उभी राहिली. धडगावच्या बाजूची, अंगाने चिवट, बोलायला कमी. घरी ती तिच्या बोलीत बोले, इथे गावच्या भाषेत. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "शेठाणी, दोर आमना हातमा द्या. आम्ही काढी लेसूत पानी. ठकुबाई उठे तवलोंग."

जसोदाबाईने पाहते म्हणून सांगितलं. रूपलीबाई मान हलवून परत मिरचीत जाऊन वाकली.

जसोदाबाईला त्या क्षणी हो म्हणता आलं असतं. पथारीचा सगळा कारभार तिच्याच हातात होता. पण तो तिच्या हातात कसा आला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

चुनीलालला घरच्या दुकानात कधी गोडी वाटली नाही. त्याला गाड्यांबरोबर हिंडायला आवडे. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून तो शहादा-नंदुरबार वाटेवर मिरचीच्या गाड्यांबरोबर चालायचा, गाडीवानांच्या चुलीवर जेवायचा, तापीच्या वाळूत झोपायचा. लग्न होऊन जसोदा घरात आली तेव्हा नवरा घरी असण्यापेक्षा वाटेवरच जास्त. पण आला की दार भरून यायचा. गाडीवानांच्या नकला करायचा, सासूही तोंडावर पदर घेऊन हसायची.

तापीच्या उतारावर त्या काळी रस्ता असा नव्हताच. पावसाळा सरला की चिखलाचे खड्डे वाळून दगडासारखे होत आणि गाडीचे आख मोडत. एका साली तिथे चुनीलालचा पांढरा बैल पाय मोडून पडला. बैल घरचा, लहानाचा मोठा केलेला. चुनीलाल दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिला. घरी आला तो जेवला नाही. लोकलबोर्डाकडे त्याने अर्ज केला, चकरा मारल्या. कोणी दाद घेईना, तेव्हा त्याने ठरवलं की आपणच बोर्डात जाऊन बसायचं.

त्याला भाषण येत नव्हतं. बाजारात दलाल रुमालाखाली हातात हात घेऊन, बोटं दाबून भाव ठरवतात; चुनीलालला तेवढीच भाषा नीट यायची. तो गावोगाव गेला, ज्याच्या त्याच्या ओट्यावर बसला आणि माणसाचा हात हातात घेऊन बैलाची गोष्ट सांगत राहिला. निवडून आला. बोर्डातही त्याने तेच केलं. ओव्हरसियर, मामलेदार, सभापती, सगळ्यांचे हात धरून तो बसून राहायचा, सुटू द्यायचा नाही. दोन वर्षांनी तापीच्या उतारावर खडी पडली. पहिली भरलेली गाडी न थांबता खाली आली त्या दिवशी गाडीवानांनी त्याला जुवावर बसवून मिरवलं आणि तो इतका हसला की खाली पडला.

मग तो तालुक्याच्या बोर्डातून जिल्ह्याच्या बोर्डात गेला. तिथे त्याने विहिरींचं काम धरलं. ज्या सरकारी विहिरींवर काही लोकांना येऊ देत नसत, तिथे तो स्वतः जायचा, वाद घालायचा, ऊन उतरेपर्यंत बसायचा आणि शेवटी सगळ्यांसमोर पाणी काढून घेऊन प्यायचा. खापर गावच्या विहिरीवर त्याने एका भिल्लाच्या हातचं पाणी प्यायलं, ते लोक अजून सांगत.

बेचाळीस साली त्याला धरून धुळ्याच्या तुरुंगात टाकलं. मिरची तशीच येत राहिली. दिवाणजी म्हातारा, उदेसिंगला माणसं राखता येत होती पण माल कळत नव्हता. तेव्हा जसोदाबाई पहिल्यांदा पथारीवर आली. पहिल्या दिवशी तिला शिंका आवरेनात. नाक लाल, डोळे लाल, पायांची आग. बाया तोंड फिरवून हसत होत्या. रूपलीबाईने पुढे होऊन तिचा पदर तिच्या नाकावरून घेऊन मानेमागे घट्ट बांधून दिला आणि हाताला तीळतेल चोळायला सांगितलं. पुढे जसोदाबाईला मुठीत मिरची चुरगाळली की ओल कळू लागली. दलालांच्या रुमालाखाली हात घालायला ती आधी लाजली, मग लाजेनाशी झाली. चुनीलाल सुटून आला, पथारीवर चक्कर मारून आला आणि म्हणाला की आता आपलं इथे काही काम उरलेलं दिसत नाही. बोलला हसत, पण ते खरं होतं. त्यात त्याला आनंदही होता.

आणि या हिवाळ्यात पुढारी मंडळी घरी आली ती दिल्लीचं घेऊन. मध्यवर्ती असेंब्लीसाठी उमेदवार हवा होता. चुनीलालने जसोदाबाईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने होकारार्थी मान हलवली, आणि तो प्रचाराला बाहेर पडला.

एवढं सगळं असूनही, घरात शब्द चाले तो रेवाबाईचा. पथारीचा भाव जसोदाबाई ठरवे. विहिरीचा दोर रेवाबाई ठरवे.

त्या संध्याकाळी जसोदाबाईने सासूपुढे विषय काढला. रेवाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही की आवाज चढवला नाही. "ती हीर मन्हा धनीनी खंदेल शे," ती म्हणाली. "माटीना टोपला मी डोकावर वाहेल शेतस. मी जित्ती शे तवलोंग तठला दोर मन्हा घरनं मानूसच धरी."

हे खोटं नव्हतं. सासरे त्या साली कर्जाला घाबरून मजूर लावायला तयार नव्हते. दोघा नवरा-बायकोंनी आणि एका गड्याने मुरूम फोडला होता. रेवाबाईच्या टाळूवर केस विरळ होते, त्या ओझ्यांमुळे, असं ती सांगे. पाणी लागलं तेव्हा ती खड्ड्यात उतरून त्या पाण्यात बसली होती म्हणे, नेसत्या लुगड्यानिशी. ती विहीर तिला पोटच्या पोरासारखी होती. जसोदाबाईने उदेसिंगला तेवढं सांगितलं की बायांना खाडा लावू नको.

दोन दिवसांनी चुनीलाल घरी आला. मतदान आटपलं होतं, निकालासाठी पहाटेच धुळ्याला निघायचं होतं. पाय सुजलेले, घसा बसलेला, पण स्वारी खुशीत. जसोदाबाईने गरम पाण्याचं घंगाळ पुढे ठेवलं. तो पाय बुडवून बसला आणि प्रचारातल्या गमती सांगू लागला. नाशिकच्या एका सभेत तो बोलायला उभा राहिला, चार वाक्यं बोलून खाली बसला. लोकांना वाटलं साधेपणा, त्यांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत. आणि खापरला पुन्हा गेला तेव्हा त्याच विहिरीवर लोकांनी त्याला हार घातला.

जसोदाबाई त्याच्या पायांवर पाणी घालत होती. तिने विचारलं, "आनि आपली?"

त्याला आधी कळलंच नाही. मग तिने ठकुबाईचा ताप, नाल्याच्या वाऱ्या, रूपलीबाईचं मागणं, सगळं सांगितलं. चुनीलालच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. आतल्या खोलीतून रेवाबाईच्या माळेचे मणी सरकल्याचा आवाज येत होता.

"माय शे ना वं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिले दुखाडीसन काय करू? दिल्लीनं आटपू दे, मंग दखू."

"खापरनी हीर उघडाले तुम्हले दिल्ली लागनी नही," जसोदाबाई म्हणाली.

एवढ्या जणांचे हात धरून बसणारा माणूस, आईचा हात धरून बसायला मात्र धजत नव्हता. जसोदाबाईला राग आला, आणि रागाच्या मागोमाग कसलीशी मायाही आली. तिने पंच्याने त्याचे पाय पुसले. पहाटे तो निघाला तेव्हा दोघांनीही तो विषय काढला नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी आभाळ पांढरं झालं. पौष लागायच्या बेतात असताना असं आभाळ कोणाला नको असतं. वारा पडला होता, थंडी एकाएकी पळाली होती. पथारीवर सगळी मिरची उघडी पडलेली, वर्षाची सगळी कमाई कुंपणापासून कुंपणापर्यंत लाल अंथरलेली. दुपार झाली तसं मावळतीकडून काळं चढू लागलं. मावठा आला तर अर्ध्या दिवसात मिरची काळी पडते, बुरशी धरते, मग ती कोणी फुकटही नेत नाही. लढाई संपली होती तरी ताडपत्री अजून मिळत नव्हती. ढीग करायचे, गोणपाट टाकायचे, वर गवत, एवढाच उपाय.

उदेसिंग ओरडत फिरू लागला. आणि तेव्हाच बाया उठून कुंपणाच्या कडेला जाऊन बसल्या.

भांडण नाही, आरडाओरडा नाही. सकाळपासून त्या उकाड्यात त्यांनी मिरची उलटी केली होती. नाकाला बांधलेले पदर सोडून त्यांनी मांडीवर घेतले. उदेसिंगने आधी धमकावलं, मग हात जोडले, मग तो जसोदाबाईकडे धावत आला. ती गेली. रूपलीबाईचे ओठ फुटले होते, कोपऱ्यात पांढरं साकळलं होतं.

"तीस लागेल शे, शेठाणी," ती म्हणाली. "नाला दूर शे. पानी पीसूत, मंग उठसूत."

त्यात ताठा नव्हता. बाई होतं तेवढंच सांगत होती. नाल्यावर जाऊन यायचं तर पाऊस आधी येणार, हे तिलाही दिसत होतं, जसोदाबाईलाही.

जसोदाबाई वळली. विहिरीच्या काठावर, नेहमीच्या दगडावर रेवाबाई बसली होती. आभाळ पाहून तीही घरून चालत आली होती. दोर तिच्या पायाशी वेटोळं करून ठेवलेला, शेजारी बादली. जसोदाबाई तिकडे चालू लागली. तीस वर्षं ती या घरात होती आणि सासूच्या समोर तिने कधी मोठा आवाज केला नव्हता, जेवायला आधी बसली नव्हती. तिने काय बोलावं ते मनात जुळवायला घेतलं आणि काठाशी पोचेपर्यंत काहीच जुळलं नाही. मग ती वाकली, दोर आणि बादली उचलली, मागे वळून रूपलीबाईला हाक मारली आणि सासूच्या देखत तिच्या हातात दिली.

"ले, काढ."

रूपलीबाईने एकदा म्हातारीकडे पाहिलं. मग तिने बादली सोडली. खाली पाण्यावर ती आपटल्याचा आवाज आला. रेवाबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि फाटकाकडे चालू लागली. तिची पाठ जसोदाबाईने पाहिली. पण पाहत बसायला वेळ नव्हता. बादली वर आली होती. बाया भोवती जमल्या, हातांनी, लोट्यांनी, पदर बुडवून प्यायल्या. एकीने तोंडावर पाणी मारलं आणि ती मोठ्याने हसली. मग सगळ्याच हसू लागल्या. जसोदाबाईलाही हसू आलं, कारण नसताना, आणि तिचे डोळेही भरले. मिरचीमुळे म्हणायची सोय होती.

मग जे काम झालं तसं त्या पथारीवर आधी कधी झालं नव्हतं. बाया ओळीने वाकल्या आणि दाताळ्यांनी, पायांनी, फळ्यांनी मिरची मध्याकडे लोटू लागल्या. लाल धूळ उठली. शिंका, खोकला, हाका. उदेसिंगने मुकादमी सोडून खांद्यावर पाटी घेतली. जसोदाबाईने पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात मिरचीत घातले. ढीग उभे राहू लागले, छातीएवढे, मग डोक्याएवढे. गोणपाट कमी पडले. गवत पुरेना. वारा सुटला आणि पहिले थेंब धुळीत मोठमोठे ठिपके पाडू लागले.

तेव्हा रूपलीबाई खोपटांकडे धावली. तिने आपल्या खोपटाची चटई ओढून काढली आणि ढिगावर टाकली. दुसऱ्या बायांनी पाहिलं आणि त्याही पळाल्या. बघता बघता कुंपणालगतची खोपटं नुसत्या काठ्यांची उरली. जसोदाबाई नको म्हणत राहिली, पण तिचा आवाज पावसात कोणाला ऐकू जात नव्हता. तिने मग उदेसिंगला दुकानात पिटाळलं, ओसरी मोकळी करून ठेवायला. आज सगळी बिऱ्हाडं तिथेच राहतील म्हणून.

पाऊस भरात असताना वाजंत्री ऐकू आली. धुळ्याहून सर्व्हिस मोटार आली होती. चुनीलाल निवडून आला होता. मोटारस्टँडवरूनच लोकांनी त्याला उचललं आणि शेठाणी घरी नाही असं कळल्यावर मिरवणूक पथारीकडे वळली. ढोल ओला होऊन बदबद वाजत होता. हारांची झेंडूची फुलं चुनीलालच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळी उतरत होती. फाटकात येऊन सगळे थबकले. कोणीतरी शेठला बोलायचा आग्रह केला. चुनीलालने घसा खाकरला.

जसोदाबाई दूर ढिगावर चटई दाबून धरून उभी होती. हात लाल, कपाळाचं कुंकू वाहिलेलं. तिने तिथूनच सांगितलं, "त्या कोपरानी मिरची उघडी शे."

दिल्लीला निघालेल्या सभासदाने हार काढून फाटकाच्या खुंट्याला अडकवले, धोतराचा काचा मारला आणि कोपऱ्याकडे धावला. मिरवणूक क्षणभर गोंधळली, मग तीही धावली. वकील, दलाल, बोर्डाचे कारकून, ढोलकरी. ज्यांना मिरचीचा भावच माहीत होता त्यांना तिची आग त्या दिवशी कळली. शेवटचा ढीग झाकून झाला तेव्हा सगळं गाव लाल झाल्यासारखं दिसत होतं.

चुनीलाल धापा टाकत विहिरीकडे आला. रूपलीबाई पाणी काढत होती. दोर तिच्या हातात पाहून तो थांबला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. आईचा दगड रिकामा होता. मग त्याने वाकून ओंजळ पुढे धरली. रूपलीबाईने बादली तिरपी केली. तो बराच वेळ प्यायला. खापरला लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इथे कोणी पाहिलंही नाही. ज्याचा तो आपले जळते हात धूत होता.

"हाई माले जमनं नसतं," तो जसोदाबाईला म्हणाला.

"माले तरी कोठे जमी ऱ्हायंतं," ती वर ढगांकडे बघत म्हणाली. "आभायनी जमाडी दिधं."

मिरची वाचली. कडेचा एक ढीग काळवंडला, बाकी सगळा माल दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पुन्हा पसरला. घरात मात्र रेवाबाई सुनेशी बोलेनाशी झाली. जेवण ती सुनेच्या हातचं घेत होती, भाजीत मीठ कमी असलं तर ताटाकडे बघून सांगत होती, पण तोंडाकडे बघत नव्हती. पथारीवर जाणं तिने बंद केलं. चुनीलाल तिच्याजवळ बसला, एकदाचा तिचा हात हातात घेतला आणि सगळं आपल्यामुळे झालं असं सांगू लागला. तिने हात सोडवून घेतला नाही. खोटं बोलू नको, एवढंच म्हणाली.

जसोदाबाईला ते लागत होतं. पण पथारीवर गेली की ती विसरे. तिथलं वारं बदललं होतं. दोर कोणीही धरत होतं. ठकुबाई बरी होऊन आली तेव्हा आपलं काम गेलं म्हणून घाबरली. जसोदाबाईने तिला देठ खुडायला बसवलं, आणि सावलीत बसून हात चालवताना दिवसभर बोलायला मिळतं म्हणून ती खूश झाली. बादली ओढून ओढून आपले खांदे गेले होते, असं ती ज्याला त्याला सांगू लागली.

चुनीलालचा निघायचा दिवस आला. सुरतेवरून दिल्लीची गाडी धरायची होती. स्टेशनवर गर्दी झाली, हार झाले. पथारीवरच्या बायाही आल्या आणि एका बाजूला उभ्या राहिल्या. चुनीलालने जसोदाबाईला पुन्हा विचारलं, येतेस का. तिने होळीपर्यंत माल उरकू दे म्हणून सांगितलं. मग तो आईच्या पाया पडला. रेवाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि थंडीचं डोकं उघडं ठेवू नको असं बजावलं. गाडी हलली. खिडकीतून तो कितीतरी वेळ हात हलवत राहिला, दिसेनासा होईपर्यंत, आणि त्याच्या चेहऱ्यावर गाड्यांबरोबर हिंडणाऱ्या पोराचं हसू होतं.

परतीच्या टांग्यात सासू-सुना शेजारी शेजारी बसल्या होत्या. घराकडचं वळण आलं तेव्हा रेवाबाईने टांगेवाल्याला सांगितलं, "पथारीवर ले."

टांगा पथारीकडे वळला.

पथारीवर ऊन चांगलं तापलं होतं. बाया आडवाटेने आधीच पोचून कामाला लागल्या होत्या. रेवाबाई जाऊन आपल्या दगडावर बसली. रूपलीबाई पाणी काढायला आली ती तिला पाहून बिचकली, पण परत फिरली नाही. तिने बादली सोडली आणि ओढायला लागली. रेवाबाई बघत होती. दोनतीनदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी तिला राहवेना.

"अशी तिरपी वढू नको. चाक सरकी जाई," ती म्हणाली. "हाऊ पाय आठे ठेव."

रूपलीबाईने पाय ठेवला, पण चुकीच्या जागी. म्हातारी उठली, काठाशी आली आणि दगडातली झिजलेली खोबण आपल्या पायाने दाखवली. रूपलीबाईने तिथे टाच रोवली. बादली सरळ, न हिंदकळता वर आली. तिने विचारलं, पाणी पिणार का. रेवाबाईने तहान नाही म्हणून सांगितलं आणि परत दगडावर जाऊन बसली. त्या विहिरीचं पाणी ती त्यानंतर जगली तेवढी वर्षं प्यायली नाही; घरून तांब्या आणायची.

पण त्या दुपारी बाया भाकरी सोडून विहिरीच्या सावलीला बसल्या, तेव्हाही ती उठून गेली नाही. जसोदाबाई मिरची उलटत होती. तिला दोघींचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मधेच रेवाबाईचा हात जमिनीपासून वर जाई, किती खोल खणलं ते दाखवायला. मग रूपलीबाई वाळू उकरल्यासारखे हात करी. बराच वेळ गेला. सावली सरकली, बाया कामाला उठल्या, तरी त्या दोघी बसलेल्याच. उदेसिंगने जसोदाबाईकडे पाहिलं. तिने त्याला डोळ्यांनी गप्प बसवलं.

मग इतक्या दिवसांनी सासूची हाक आली, सगळ्या पथारीवर ऐकू जाईल अशी.

"अवं जसोदा. इन्हा गावले हीरच नही शे. नदीमा वाळू उकरीसन पानी पेतस म्हने. पोऱ्याले कागद लिख. दिल्लीमा बसीसन काय करी ऱ्हायना तो?"

जसोदाबाईने दाताळं टेकवलं आणि पदराने डोळे पुसले. "माय, त्या आजून सुरतलेबी पोचेल नसतीन," ती म्हणाली.

"मंग पोचना का लगेच लिखजो," रेवाबाई म्हणाली आणि रूपलीबाईकडे वळून तिने पुन्हा विचारायला घेतलं, नदी गावापासून किती लांब आहे, आणि वाळूखाली मुरूम लागतो की काळा दगड.